माणसं कशी निवडावीत: डिचोलीच्या एका काजू कारखान्यातून

दर वर्षी फेब्रुवारी लागला की दोघं-तिघं तरुण माझ्याकडे येतात. कुणाला कोकमाचं आगळ बाटल्यांत भरून विकायचं असतं, कुणाला होमस्टे काढायचा असतो, कुणाला माझ्यासारखाच काजूगराचा कारखाना. बसतात, चहा घेतात, यंत्रांच्या किमती विचारतात, कर्ज कसं मिळालं ते विचारतात. आणि निघताना, चपला घालता घालता म्हणतात, "ताई, माणसं कुठून मिळवलीत हो?" हा प्रश्न दारात उभ्या उभ्या उरकण्यासारखा नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

माझा कारखाना गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. २०११ च्या हंगामात मी, माझी जाऊ आणि शेजारच्या तिघी, अशा पाचजणींनी घरामागच्या पडवीत सुरुवात केली. आज भर हंगामात २२ माणसं असतात. साधारण चार किलो काजूच्या बियांतून एक किलो गर मिळतो, आणि तो पाकिटात जाईपर्यंत सहा-सात हातांतून फिरतो. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात मोठा फरक असतो. म्हणजे माझा नफा यंत्रापेक्षा त्या सहा-सात हातांवर जास्त अवलंबून आहे.

माणूस निवडण्यात माझी सगळ्यात मोठी चूक झाली ती बोरम्यावर. बोरमा म्हणजे फोडलेला गर सालीसकट सुकवायची भट्टी. साधारण ७० अंशांवर सहा ते आठ तास गर आत ठेवायचा. कमी सुकला तर साल सोडत नाही, जास्त सुकला तर करपतो आणि सोलताना मोडतो. या कामाला मी एक अनुभवी माणूस घेतला. अकरा वर्षं त्याने हेच काम केलं होतं, तेवढं ऐकून मी पुढे काही विचारलंच नाही. एका रात्री त्याचा डोळा लागला आणि चार ट्रे करपले. पहाटे उठून त्याने ते चांगल्या मालात थोडे थोडे मिसळून टाकले. सोलणाऱ्या बायकांना वास आला होता. पण बोरमेवाल्याच्या कामात आपण कशाला तोंड घालायचं म्हणून त्या गप्प बसल्या. पंधरा दिवसांनी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलातून डबे परत आले. चार ट्रेंचं नुकसान मी सोसलं असतं. मिसळल्यामुळे सगळा माल गेला आणि गिऱ्हाईकही गेलं.

तेव्हापासून कुणालाही घेताना मी आधी एक गोष्ट शोधते: याच्या हातून काही बिघडलं, तर मला ते कधी कळेल? त्याच तासाला, संध्याकाळी, की डबे परत आल्यावर? अनुभव, शिक्षण, हाताचा वेग हे सगळं त्याच्या मागून. गर सोलायला मी तीन आठवड्यांत शिकवते. झालेली चूक लगेच येऊन सांगण्याची सवय मोठ्या माणसाला लावणं मला फार थोड्या वेळा जमलंय. तुमचा धंदा कुठलाही असो, होमस्टे असो की सुतारकाम, ही कसोटी तुम्हाला लागू पडेल. फक्त ती तपासायची कशी, ते ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे बदलतं.

आधी आठ दिवस स्वतःची वही लिहा

"मला एक मॅनेजर हवा" या वाक्याने शोध सुरू करू नका. मॅनेजर म्हटलं की इस्त्रीचा शर्ट घातलेला, फोनवर छान बोलणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो आणि तसाच आपण निवडतो. त्याऐवजी आठ दिवस एक वही जवळ ठेवा आणि दर तासाला आपण काय केलं ते एका ओळीत लिहा. मला वाटत होतं की विक्रीसाठी माणूस हवा. वही भरल्यावर दिसलं की माझे रोजचे तीन-साडेतीन तास प्रतवारीच्या टेबलावर जातात. काजूगराची प्रत मोजतात ती एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये किती गर बसतात त्यावर. डब्ल्यू १८० म्हणजे १७० ते १८० मोठे गर, डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०, आणि सगळ्यांत जास्त खपणारा डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. हे नजरेने वेगळं करायचं काम मी दुसऱ्या कुणाला देतच नव्हते. मला विक्रेता नको होता, नजर हवी होती. आणि ती माझ्याच कारखान्यात सोलणाऱ्यांत बसलेली होती. तिला टेबलावर आणलं आणि विक्रीचे फोन मी स्वतःच करत राहिले. जाहिरात द्यावी लागली नाही की काही नाही.

वहीतून दुसरंही कळतं: कुठलं काम रोजचं आहे आणि कुठलं हंगामापुरतं. हंगामापुरत्या कामाला वर्षभराचा माणूस ठेवला की पावसाळ्यात तो तुमच्याकडे बघत बसतो आणि तुम्ही त्याच्या पगाराकडे.

माणूस जिथे बिनपगारी राबतो तिथे त्याला पाहा

मुलाखतीत सगळेच चांगले असतात. म्हणून मी माणसं शोधते ती गावच्या कामात.

आमच्याकडे जत्रेला गावकरीच मराठी नाटक उभं करतात. दोन दोन महिने रात्रीच्या तालमी चालतात. मुख्य भूमिका करणारा सगळ्यांना दिसतो. मी पाहते ते विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करणाऱ्याला, वर्गणीची वही ठेवणाऱ्याला, आणि नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं गाव झोपलेलं असताना, भाड्याची ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे पोशाख, मोजून परत देणाऱ्याला. माझा सुपरवायझर मला असाच मिळाला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला चालले होते. देवळासमोर ड्रेपरीवाल्याचा टेम्पो उभा होता आणि हा मुलगा एकेक कपडा नावानिशी मोजून आत टाकत होता. एक मंदील कमी भरला. टेम्पोवाल्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. हाच म्हणाला, "एक मंदील आमच्याकडून हरवलाय, तेवढे पैसे कापून घ्या." रात्रभर जागलेला माणूस, बाजूला बघणारं कुणी नाही, आणि तरी. मी दूध घेऊन घरी गेले आणि संध्याकाळी त्याच्या आईला भेटायला गेले. त्याला काजूतलं काहीच येत नव्हतं. ते सहा महिन्यांत आलं.

बायकांच्या बाबतीत स्वयंसाहाय्य गट ही माझी जागा. अध्यक्ष कोण हे विचारत नाही. बँकेत रोकड भरायला सगळ्या मिळून कुणाला पाठवतात, ते विचारते. गावाने पारख आधीच केलेली असते, ती आपण वापरायची.

कामाचा एक दिवस, पूर्ण मजुरीसह

ज्या कामाला माणूस हवा, तेच काम त्याच्याकडून एक दिवस करून घ्या. त्या दिवसाची पूर्ण मजुरी संध्याकाळी त्याच्या हातात ठेवा, घेणार असाल तरी आणि नसाल तरी. फुकट चाचणी घेणाऱ्याकडे गरजू माणूस येतो आणि स्वाभिमानी माणूस येत नाही.

सोलणारीला मी सकाळी साडेआठला बोलावते. दोन किलो सुकलेला गर, एक लहान सुरी आणि तीन वाट्या देते: अख्खा, तुकडा, आणि डाग पडलेला किंवा कीड लागलेला. कसं सोलायचं ते एकदा दाखवते आणि तिथून उठून जाते. डोक्यावर उभं राहिलं की माणूस आपल्याला दाखवण्यासाठी काम करतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी एक चाळिशीची बाई आली होती. याआधी शेतावर काम केलेली, काजूत पहिल्यांदाच. हात सावकाश चालत होता. शेजारच्या दोघींचं एक किलो झालं तेव्हा तिचं जेमतेम अर्धा. जेवायच्या सुट्टीआधी ती तुकड्यांची वाटी घेऊन माझ्याकडे आली. वाटीत तिने दोन ढीग केले होते. "बाय, हे आधीच मोडलेले होते. आणि हे माझ्या सुरीने मोडले. जास्त माझेच आहेत. सुरी कशी धरू ते परत दाखवाल?" मी तुकडे हातात घेऊन पाहिले. बोरम्यात जाण्याआधी मोडलेल्या तुकड्याची कड सुकून पिवळट झालेली असते, सोलताना मोडलेल्याची कड पांढरी, ताजी. तिचे दोन्ही ढीग बरोबर होते. कड बघून मला कळतं हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे पकडले जाऊ या भीतीने ती आली नव्हती. मी तिला त्या दिवशी सुरी परत दाखवली आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला सांगितलं.

आणि दुसरी बाजूही सांगते. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी सालींचं पोतं उपसून बघते. हात वेगाने चालणाऱ्या काहींचे मोडके तुकडे सालींत सापडतात. एकदा सापडले तर मी विचारते, कारण नवख्या माणसाला भीती वाटू शकते. विचारल्यावर कबूल केलं तर अजून एक दिवस देते. "माझे नव्हेत" म्हटलं तर तिथेच थांबते.

विक्रीच्या मुलासाठी माझी परीक्षा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. अर्ध्या किलोची २० पाकिटं देऊन पाठवते. परत आल्यावर किती विकली हे आधी विचारत नाही. "ज्यांनी घेतलं नाही ते काय म्हणाले?" हे विचारते. एकाने १७ पाकिटं विकली आणि या प्रश्नावर "लोकांना कळत नाही ताई" म्हणाला. दुसऱ्याने फक्त नऊ विकली होती. पण त्याने सांगितलं की तिघींनी पाकीट उलटून तारीख बघितली आणि छापलेलं पुसट दिसल्यामुळे ठेवून दिलं, आणि एका दुकानदाराला पाव किलोचं पाकीट हवं होतं. नऊवाल्याला घेतलं. तारखेचा छाप बदलला आणि पाव किलोचं पाकीट त्याच महिन्यात काढलं.

हिशेबाचा माणूस

याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण लहान धंदे इथेच बुडताना मी पाहिलेत.

२०१२ साली पावसाळा सरता सरता गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. डिचोली-साखळी भागात घरोघरी खनिज वाहायचे टिप्पर ट्रक बिनकामाचे उभे राहिले. पुढे थोडं काम सुरू झालं आणि २०१८ च्या मार्चमध्ये परत थांबलं. पहिल्या बंदीच्या वेळी माझ्याकडे बरेच जण काम मागायला आले. कळवळा येऊन मी तिघांना घेतलं, आणि त्यातल्या दोघांना एका जागी बसून करायचं काम मानवलं नाही. कळवळ्याने मदत जरूर करावी, पण जागा भरताना जागेला काय लागतं तेच बघावं, नाहीतर दोघांचंही नुकसान होतं. त्या दोघांना मी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट बोलायला हवं होतं.

तिसरा खाणीवर वजनकाट्याच्या चिठ्ठ्या लिहायचा. त्याला मी मागच्या हंगामाची खरेदीवही आणि कोठाराची वही दिली आणि मेळ घालायला सांगितलं. दुपारी आला, चेहरा उतरलेला. "ताई, खरेदी १,००० किलो आणि कोठारात ९३०. सत्तर किलो कुठे गेले ते मला सापडत नाही. दोनदा बेरीज केली." आधीच्या कारकुनाने असल्या ठिकाणी मनानेच आकडा लिहून मेळ बसवलेला मी पाहिला होता. मी त्याला अंगणात नेलं आणि वाळत घातलेल्या बिया दाखवल्या. ताजी बी ओली असते. दोन-तीन दिवस उन्हात पडली की वजन उतरतं. तो म्हणाला, "मग वाळवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वजनं लिहायला हवीत. नाहीतर चोरी झाली तरी ती वाळवण्यातच खपून जाईल." काजू कशाशी खातात हे माहीत नसलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी माझ्या हिशेबातलं भोक दाखवलं. आज कोठाराच्या किल्ल्या त्याच्याकडे आहेत.

म्हणून हिशेबनीस निवडताना त्याला न जुळणारा हिशेब द्या. जुळवून आणणाऱ्यापेक्षा "जुळत नाही" म्हणणारा घ्या.

विचारायचे प्रश्न

थोडेच विचारा. मी तीन विचारते.

"मागच्या कामावर तुझ्या हातून झालेली एखादी चूक सांग, आणि ती मालकाला कशी कळली?" दुसरा भाग महत्त्वाचा. मालकाला दुसऱ्याकडून कळली असेल तर पुढे काय केलं, तेही ऐकून घेते.

"सरकारी जागा निघाली तर जाणार का?" गोव्यात हा प्रश्न न विचारता माणूस घेणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणं. बहुतेकांचे अर्ज कुठे ना कुठे पडलेले असतात, काहींचं बोटीवर जायचं चाललेलं असतं. त्यात काही गैर नाही. "हो ताई, दोन ठिकाणी भरलाय" म्हणणाऱ्याला मी आनंदाने घेते, कारण मग त्याच्या कामावर दुसरं माणूस तयार करायला मला वेळ मिळतो. "नाही नाही, मी इथेच" म्हणणारे काही जण निवड यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत.

"हंगामात तुला कुठले दिवस हवेतच?" हा प्रश्न मला एका वर्षाने शिकवला. सुरुवातीला सोयीचं म्हणून सगळी माणसं एकाच वाड्यावरची घेतली होती. काजूचा हंगाम मार्च ते मे. त्यात शिगमो, म्हणजे आमचा होळीचा सण, येतो, आणि वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावच्या लईराई देवीची जत्रा. घरातला कुणी धोंड, म्हणजे देवीचं व्रत करणारा भक्त, असला की सोवळं आणि व्रत काटेकोर पाळायचं, त्यात कामाला सवड नाही. जत्रेच्या दिवशी कारखान्यात मी आणि जाऊ दोघीच, आणि बोरम्यातून काढलेला गर उघड्यावर पडलेला. आमच्या दमट हवेत असा गर ओल धरतो आणि साल निघता निघत नाही. देवकार्याला मी अडवणार नाही, अडवूही नये. आता वेगवेगळ्या गावांतली, वेगवेगळ्या घरांतली माणसं घेते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, ख्रिस्ती बायका कारखाना सांभाळतात, नाताळात आणि तीन डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताला बाकीच्या. जानेवारीतच कॅलेंडरवर सगळ्यांचे दिवस लिहून भिंतीला लावते.

नातेवाईक

घ्या, पण त्यांनाही तोच कामाचा दिवस आणि तेच तीन प्रश्न. माझ्या भाच्याला मी तसाच, चाचणी न घेता बसवला होता. तो काही वाईट मुलगा नव्हता, पण त्याची चूक मला सांगायला कुणी धजेना. मालकिणीचा भाचा. म्हणजे बोरम्यासारखंच झालं. वर्षभराने त्याला समजावून दुसऱ्या कामाला लावून दिलं, घरात सहा महिने अबोला सोसला. अबोला सुरुवातीलाच परवडला असता.

कागद आणि कायदा

मजुरी, वेळ, सुट्ट्या, किलोचा दर आणि मोडतोडीबद्दल काय, हे एका पानावर मराठीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. माझ्याकडे त्या पानावर एक ओळ आहे: त्याच दिवशी सांगितलेल्या चुकीचे पैसे कापले जाणार नाहीत. ही ओळ मी एकदाही मोडलेली नाही. एकदा मोडली तर पुढच्या सगळ्या चुका सालींच्या पोत्यात जातील.

दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आणि वीस झाली की पीएफ लागू होतो. दहा किंवा जास्त माणसं असली की बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागते. खाण्याचा पदार्थ बनवत असाल तर हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, आणि दर २५ माणसांमागे अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला एक जण. त्या प्रशिक्षणाला सगळ्यात शिकलेल्याला पाठवू नका. केसांना टोपी नसेल तर माझ्यासारखीलाही दारात अडवेल अशीला पाठवा.

पहिला महिना

पहिल्या महिन्यात रोज पाच मिनिटं नव्या माणसाजवळ बसा आणि "आज काय बिघडलं?" एवढंच विचारा. "काही नाही" हे उत्तर सलग आठ दिवस आलं तर जपून. काजूच्या कामात आठ दिवस काहीच न बिघडणं शक्य नाही.

आणि निवड चुकली हे कळलं, तर महिन्याच्या आत बोला. सगळ्यांसमोर नव्हे, घरातल्या पडवीत, चहा देऊन. राहिलेला सगळा हिशेब त्याच बैठकीत चुकता करा. त्या माणसाला काय चांगलं येतं हे खरं खरं लिहून द्या. मी ज्यांना नाही म्हटलं, त्यांतली एक आता पणजीत एका बेकरीत पॅकिंग बघते आणि चवथीला माझ्याकडूनच काजू नेते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी हंगामासाठी फोन करायला घेते. पहिला फोन जातो तो दोन ढीग घेऊन आलेल्या त्या बाईला. तिचा हात आता सगळ्यांत चपळ आहे, पण फोन त्यासाठी नसतो. नव्या बायका चाचणीला येतात तेव्हा मी उठून गेल्यावर त्यांच्या शेजारी तीच बसते. परवा फोनवर तिने पहिलं विचारलं, "बाय, यंदा नवीन किती? सुऱ्यांना धार लावून ठेवा. बोथट सुरीने मोडतं आणि पोरी स्वतःला दोष देतात."